लिहिणारं नेहमी मूलच असतं

प्रश्न थोडक्यात असा आलाय: आधुनिक कथा-कादंबऱ्यांमधे धड आईबाप का सापडत नाहीत, बाप एकतर जुलमी नाहीतर दारुडा, आई एकतर देवी नाहीतर आयुष्यभर सोसणारी, आणि "मी स्वतः माझ्या वडिलांवर कादंबरी लिहितोय, १८० पानं झालीयत, परत वाचून बघितलं तर तेही व्हिलनच झालेत, प्रत्यक्षात ते तसे अजिबात नव्हते, तर काय चुकतंय?"

मी गेली चोवीस वर्षं लोकांची हस्तलिखितं वाचतेय, आधी एका दिवाळी अंकासाठी, मग दोन-तीन प्रकाशकांसाठी, आणि खरं सांगायचं तर आलेल्या गठ्ठ्यात वडिलांवरचं किंवा आईवरचं एक तरी बाड असतंच असतं. त्यामुळे तुमची तक्रार मला नवी नाही. पण कारण तुम्हाला वाटतंय ते नसावं. लेखकांना आईबापांचा राग असतो म्हणून असं होतं असं मला वाटत नाही, उलट बहुतेकांना अतोनात प्रेम असतं, ती १८० पानं प्रेम असल्याशिवाय होतच नाहीत. गोम अशी आहे की लिहिणारं नेहमी मूलच असतं. साठ वर्षांचा माणूस लिहायला बसला तरी आईबापांबद्दल लिहिताना तो कुणाचा तरी मुलगा म्हणूनच बसतो. म्हणजे फिर्याद त्याची, साक्ष त्याची आणि निकालही त्याचाच. समोरचा कोर्टात हजरच नाही. बरेचदा तर तो हयातच नसतो. आता अशा खटल्यात एकतर फाशी होणार नाहीतर निर्दोष सुटून थेट देव्हाऱ्यात जाणार, तिसरं काय होणार सांगा.

चांगली पुस्तकं कुठली, तर ज्यांना ही अडचण माहितीय आणि जी त्यावर काहीतरी युक्ती काढतात. म्हणून उदाहरणं घेऊनच बोलते.

सुरुवात आपल्याकडे सगळे करतात तिथूनच. 'श्यामची आई' साने गुरुजींनी १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहिलं आणि ते १९३५ साली छापून आलं. आता हे पुस्तक आपण सगळ्यांनी इतक्या लहानपणी वाचलेलं असतं (किंवा नुसतं ऐकलेलं, किंवा अत्रे यांचा १९५३ चा पिक्चर बघितलेला) की त्यातलं तळव्यांना माती लागू नये म्हणून पदर पसरणं आणि पोहायला जात नाही म्हणून शिंपटीने मारणं एवढंच आठवतं. पण मोठेपणी परत वाचा. ते पुस्तक कर्जाचं आहे. एकेकाळचं खोताचं घर, भाऊबंदकी, कोर्टकचेऱ्या, सावकाराचा माणूस दारात येऊन बोलतो तो प्रसंग, कर्ज म्हणजे जिवंतपणीचा नरक असं तर एका रात्रीचं नावच आहे. आणि वडील, ज्यांना श्याम 'भाऊ' म्हणतो, ते त्या सगळ्या पडझडीत उभे आहेत पण पुस्तकाच्या नावात नाहीत. मोठा झालेला श्याम बेचाळीस रात्री आश्रमातल्या मित्रांना आईबद्दल सांगतोय, म्हणजे सांगणारं मूलच आणि ती गेल्यावर सांगणारं. तरी ती आई फक्त देवी होत नाही, ती चिडते, मारते, सावकाराच्या माणसाला ताडकन बोलते. देवी तिला नंतर आपण केलं, शाळांनी आणि सत्कार समारंभांनी.

आणि गंमत बघा, त्याच १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' आलं. विभावरी शिरूरकर या नावाने, म्हणजे मालतीबाई बेडेकर, तेव्हा त्या बेडेकर व्हायच्या होत्या. त्यातल्या एका गोष्टीचं नावच 'बाबांचा संसार माझा कसा होणार?' असं आहे. शिकलेली, कमावती, लग्न न झालेली मुलगी, जिच्या पगारावर आईवडिलांचं घर चालतं, आणि म्हणून तिच्या लग्नाची घाई कुणालाच नाही. एकीकडे तुरुंगात एक मुलगा आईच्या आठवणीने लिहितोय आणि त्याच वर्षी एक मुलगी विचारतेय की तुमचा संसार मी का ओढू. दोन्ही खरं. आपल्याकडे शाळेच्या पुस्तकात पहिलं गेलं आणि दुसऱ्यावर इतकी बोंब झाली की बाई टोपणनावामागेच बऱ्या होत्या म्हणायचं. तुम्ही म्हणताय ना देवी किंवा व्हिलन, ती फाटाफूट लेखकांपेक्षा वाचकांनी केलीय असं माझं मत आहे.

बापाकडे येऊ. भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला', १९६३. पांडुरंग सांगवीकर खेड्यातून पुण्याला शिकायला येतो, वडिलांच्या पैशावर. नेमाड्यांचं त्या काळातलं मोठं काम काय वाटतं मला, तर बाप-मुलाच्या भांडणात त्यांनी पैसा आणला, अगदी हिशेबाच्या पातळीवर. त्याआधीच्या मध्यमवर्गीय कादंबरीत बापलेक तत्त्वावरून भांडायचे. इथे पैसे पाठवणं, न पाठवणं, उडवणं, हीच भाषा. दोघं एकमेकांशी दुसऱ्या कुठल्या भाषेत बोलूच शकत नाहीत. मनी, धाकटी बहीण, देवीच्या रोगाने जाते तो भाग वाचताना आजही माझा हात थांबतो, आणि तिथे पांडुरंगचा घरच्यांवरचा राग आणि स्वतःचं दुःख यातली रेषाच पुसली जाते. पण बापाची बाजू? ती आपल्याला पांडुरंगच्या तिरकस बोलण्याच्या फटीतूनच दिसते. मग तब्बल ४७ वर्षांनी, २०१० साली, 'हिंदू' येते आणि त्यात खंडेराव मोहेंजोदडोला उत्खननावर असताना वडिलांच्या आजारपणाची खबर येते आणि तो मोरगावला निघतो. आता भांडायला बाप उरत नाही, उरतो तो वारसा, शेत, घर, नातेवाईक, ती सगळी अडगळ. मला नेहमी वाटतं ही दोन पुस्तकं पाठोपाठ वाचावीत, तरुणपणी ज्याच्याशी भांडलो त्याच्या जागी जाऊन उभं राहायची वेळ आली की काय होतं ते कळतं. जाडी बघून घाबरू नका. बरं, घाबरलात तरी पहिली शंभर पानं वाचा.

पण तुमच्या प्रश्नाला सगळ्यात जवळचं पुस्तक 'झोंबी' आहे, आनंद यादव, १९८७, आत्मचरित्रात्मक कादंबरी, तिला १९९० चा साहित्य अकादमी मिळाला. कागल. बाप मुलाची शाळा सोडवून त्याला मळ्यावर राबवतो आणि स्वतः गावात हिंडतो. यापेक्षा सोपा व्हिलन मिळेल का कुणाला? आणि यादवांनी त्याचे दोष अजिबात झाकलेले नाहीत. पण तो प्रसंग आठवा, मुलगा आणि आई मिळून गुपचूप गावातल्या वजनदार माणसाकडे, दत्ताजीराव देसायांकडे जातात, त्यांना सगळं सांगतात आणि आम्ही आलो होतो हे कळू देऊ नका म्हणून विनवतात. मग देसाई बापाला बोलावून झापतात. बाप तयार होतो पण अटी घालतो, सकाळी अकरापर्यंत मळ्यात काम, मग शाळा, शाळा सुटली की तासभर गुरं चारायची, आणि काम जास्त असेल त्या दिवशी शाळा बंद. ह्या अटी नीट बघा. हा नुसता दुष्टपणा नाही, हा एका शेतकऱ्याच्या दिवसाचा हिशेब आहे, ज्यात मुलगा म्हणजे एक गडी, आणि गडी गेला तर ती जागा कोण भरणार हा खरा प्रश्न त्याच्यापुढे आहे. यादव कुठेही थांबून "बापाचीही मजबुरी होती" असं म्हणत नाहीत. ते फक्त तास मोजतात. आणि मुलगा काय करतो, तर गुरं राखताना म्हशीच्या पाठीवर काटकीने कविता लिहितो. बापाची म्हैस आणि मुलाची कविता एकाच ठिकाणी. असं सुचायला नशीब लागतं किंवा ते जगलेलं असावं लागतं.

(तुमच्या १८० पानांत वडिलांचा एक पूर्ण दिवस कुठे आहे का? सकाळी उठल्यापासून. तो शोधा. नसेल तर तिथेच बिघडलंय. पुढे येतेच त्यावर.)

दलित आत्मकथनांबद्दल घाईत बोलू नये, तो वेगळाच मोठा विषय आहे, पण एक सांगते. 'अक्करमाशी'त, १९८४, शरणकुमार लिंबाळे यांचं, बापाचं 'स्वभावचित्र' हा प्रश्नच येत नाही कारण बाप नाव द्यायलाच तयार नाही. तिथे बाप म्हणजे एक रिकामी जागा, आणि ती रिकामी जागा गावाच्या जातीच्या रचनेने तयार केलेली. आपण मध्यमवर्गीय लोक 'बाप समजून घेणं' वगैरे बोलतो तेव्हा हे पुस्तक शेजारी ठेवावं. समजून घ्यायला आधी तो समोर तरी असावा लागतो.

'बारोमास' मात्र नक्की वाचा. सदानंद देशमुख, २००२, अकादमी २००४. बुलढाण्याकडचं शेतकरी घर. एकनाथ शिकलाय, नोकरी नाही कारण द्यायला पैसे नाहीत, आणि शेतीत पडलाय पण शेती त्याला आणि तो शेतीला मानवत नाही. वडील सुभानराव, आई शेवंतामाय, भाऊ मधू. घरात रोज खटके. पण वाचताना तुम्हाला बापाची किंवा मुलाची बाजू घेता येत नाही, कारण दोघंही एकाच कर्जाच्या आणि एकाच पावसाच्या तोंडाकडे बघतायत. भांडण एकमेकांशी, कारण बाकी ज्याच्याशी भांडायचं तो हाताला लागत नाही. देशमुखांची युक्ती ती: व्हिलन घराबाहेर नेला की घरातली माणसं आपोआप माणसं होतात.

आता थोडं वेगळं. तुम्ही कधी विचार केलाय का की आपल्याला चटकन आठवणारे म्हातारे आईबाप सगळे नाटकातले आहेत? शिरवाडकरांच्या 'नटसम्राट'मधले अप्पासाहेब बेलवलकर, १९७०. दळवींच्या 'संध्याछाया'मधले नाना-नानी. नाटकात निवेदक नसतो हो, म्हणून! तिथे बापालाही स्वतःच्या तोंडाने बोलायला मिळतं, आणि शिरवाडकरांनी तर काय बोलायला दिलंय. पण त्याचा तोटा असा की तिथे मग मुलं बिचारी व्हिलन होतात. म्हणजे माइक ज्याच्या हातात तो चांगला. तेंडुलकरांचं 'गिधाडे' हा अपवाद, तिथे बाप, मुलगे, मुलगी सगळेच एकमेकांचे लचके तोडतात आणि कुणालाच सूट नाही, पण ते वाचून झोप येत नाही म्हणून लोक त्याला उदाहरण म्हणून घेत नाहीत.

एक गोष्ट मी प्रत्येक नव्या लेखकाला सांगते आणि बहुतेक जण 'हो हो' म्हणून विसरतात. मराठीत तुमच्या हातात एक हत्यार आहे जे इंग्रजीत लिहिणाऱ्याला मिळत नाही, ते म्हणजे तू आणि तुम्ही. कितीतरी घरांत अजून आईला 'ए आई, तू' आणि वडिलांना 'अहो बाबा, तुम्ही'. आई ओरडते तेव्हाही ती 'तू'च राहते आणि बाबा प्रेमाने बोलले तरी 'तुम्ही'च. ते अंतर लेखकाने घालावंच लागत नाही, क्रियापदातच येतं. आणि हाक बघा, किती मुलं बापाला बाप अशा अर्थाचा शब्दच वापरत नाहीत. भाऊ, दादा, अण्णा, नाना, तात्या. एकत्र कुटुंबात काका-आत्या जे म्हणायचे तेच पोरांनी उचललं. श्यामचे वडील 'भाऊ', यादवांचे 'दादा'. म्हणजे आपल्याच बापाला आपण दुसऱ्या कुणाच्या तरी नात्याने हाक मारतोय, चारचौघांत तो आपला म्हणून मिरवायचा नाही असा तो जुना संकोच. आता नव्या पिढीत 'ए बाबा' सर्रास झालंय, माझ्या घरात तर नावानेसुद्धा हाक मारून झालीय. ह्या बदलात एक अख्खी कादंबरी आहे. 'शाळा'मधे, मिलिंद बोकील, २००४, मुकुंद मनातल्या मनात आईला 'आईसाहेब' आणि बहिणीला 'अंबाबाई' म्हणतो. एका शब्दात घरातला दरारा, त्याची चेष्टा आणि माया. तुमचा प्रश्न होता ना धड बाप कुठाय, तर तिथे आहे बघा, मुकुंदचा बाप, शांत, समजूतदार, कमी बोलणारा. चांगले बाप असतात पुस्तकांत, फक्त ते गोंगाट करत नाहीत म्हणून आपल्या लक्षात राहत नाहीत.

मुली आईबद्दल कसं लिहितात हा खरंतर मला जास्त जिव्हाळ्याचा विषय. शांता गोखले यांची 'रीटा वेलिणकर', १९९०. परत तेच, 'बाबांचा संसार' साठेक वर्षांनी. थोरली मुलगी, आईबाप साहेबी थाटाचे, आणि अठराव्या वर्षापासून घर हिच्या पगारावर. रीटा शेवटी कोलमडून हॉस्पिटलात जाते. तिथे आईबापांवरचा राग अगदी थेट आहे, लपवाछपवी नाही, पण राग असूनही त्यांना काय साधायचं होतं आणि का साधलं नाही ते दिसत राहतं. २००९ साली या कादंबरीवर सिनेमा केला तो रेणुका शहाणे यांनी, म्हणजे लेखिकेच्या मुलीने. आईने लिहिलेली मुलीची गोष्ट मुलीने परत सांगायची! असं काही कादंबरीत घातलं असतं तर मी "फार जुळवून आणलंय" म्हणून कापलं असतं.

शांताबाईंनीच जेरी पिंटोंच्या 'एम अँड द बिग हूम'चा, मूळ २०१२, मराठी अनुवाद केलाय, 'एम आणि हूमराव'. माहीमचा छोटा फ्लॅट, मूळचं गोव्याचं कुटुंब, आईला मानसिक आजार, मुलगा सांगतोय. इथली युक्ती बघा: मुलगा सांगत असला तरी अर्धं पुस्तक आईच बोलते. तिची पत्रं, तिची बडबड, तिचे अश्लील विनोद, बिड्या. तो तिला समजावून सांगायच्या फंदात पडत नाही, तो तिला बोलू देतो आणि स्वतः घाबरतो. आजारी आईवर लिहिणारे लोक हमखास आजारावर लिहितात. ह्याने आईवर लिहिलंय.

आणि अवनी दोशी यांची कादंबरी, भारतात २०१९ मधे 'गर्ल इन व्हाइट कॉटन' नावाने आली, बाहेर 'बर्न्ट शुगर', २०२० च्या बुकरच्या अंतिम यादीत होती. पुण्यात घडते. आई तारा, मुलगी अंतरा, म्हणजे अन्-तारा, आईच्या उलट व्हावी म्हणून ठेवलेलं नाव. आईने मुलीला लहानपणी आश्रमात नेऊन टाकलं, हाल केले, आणि आता आई सगळं विसरायला लागलीय. मुलीकडे आयुष्यभराची फिर्याद तयार आहे आणि आरोपीला गुन्हाच आठवत नाही. मग हळूहळू वाचणाऱ्याच्या लक्षात येतं की फिर्यादीवर तरी कितपत विश्वास ठेवायचा. ही कादंबरी खूप जणांना आवडत नाही, आईबद्दल असं कुणी बोलतं का म्हणून. मला ती फार प्रामाणिक वाटते, कारण मघाशी जो खटला म्हटला त्यातल्या न्यायाधीशालाच तिने पिंजऱ्यात उभं केलंय.

काफ्काचं वडिलांना लिहिलेलं पत्र, १९१९, सगळ्यांना ऐकून माहीत असतं. कादंबरी नाही ते, खरंखुरं पत्र, आईच्या हातून द्यायचं होतं, वडिलांपर्यंत कधी पोचलंच नाही. लोक त्यातली फिर्याद सांगतात. पण शेवटाकडे तो काय करतो माहितीय? वडील काय उत्तर देतील ते स्वतःच लिहितो. वडिलांच्या तोंडून स्वतःला झोडतो, तू बांडगूळ आहेस, सगळा दोष माझ्यावर टाकून मोकळा होतोस, अशा अर्थाचं. आणि ते उत्तर कच्चं नाही, चांगलं सणसणीत आहे. पत्र तिथे पत्र राहत नाही, तिथे साहित्य सुरू होतं असं मी मानते.

तर तुमची १८० पानं. मी वाचलेली नाहीत म्हणून अंदाजाने सांगतेय. माझा अंदाज असा की प्रत्येक प्रसंगात तुम्ही हजर आहात. वडील ओरडले, कुणावर, तुमच्यावर. वडील गप्प बसले, कुणासमोर, तुमच्यासमोर. म्हणजे ते जगात फक्त तुमच्याशी वागण्यापुरतेच आहेत. आता असं करा, कादंबरीत घालायचं की नाही ते नंतर बघू, पण वडिलांचा असा एक दिवस लिहा ज्यात तुम्ही नाही आहात. ते कामाला जातात तिथला. वरिष्ठ त्यांना काय हाक मारतात, डबा कुणाबरोबर खातात, पगाराच्या दिवशी आधी कुणाचं देणं फेडतात. माहीत नसेल तर विचारा, त्यांच्या बरोबरीचं कुणीतरी असेल अजून. एका लेखकाला मी हे सांगितलं तर तो वडिलांच्या जुन्या मित्राला भेटायला गेला आणि तिथे त्याला कळलं की त्याचे वडील, घरी तोंडातून शब्द न काढणारे, ऑफिसात नकला करायचे. लोक त्यांना आग्रह करकरून नकला करायला लावायचे. तो दोन महिने काही लिहू शकला नाही. नंतर जे लिहिलं ते छान होतं.

दुसरं, निकाल देणारी वाक्यं काढा. "तेव्हा मला कळलं नाही की", "आज मागे वळून बघताना वाटतं", "शेवटी बापच तो". ही वाक्यं लिहिताना डोळ्यांत पाणी येतं, म्हणून ती संशयास्पद. त्याऐवजी हातातून हातात काय गेलं ते ठेवा: मनीऑर्डर, चावी, एसटीचं तिकीट, घडी घातलेली शंभराची नोट, औषधाची चिठ्ठी. आपल्याकडे बाप पोराला मिठी मारत नाही, स्टँडवर सोडायला येतो आणि बस सुटेपर्यंत खिडकीखाली उभा राहतो, तेही दुसरीकडे बघत. तेवढं लिहा आणि थांबा.

तिसरं, आई कुठाय? वडिलांवरच्या बाडात आई नेहमी चहा आणून देते. तिचं ह्या माणसाबद्दल मत काय होतं? तिने तुमच्या आधी त्याला ओळखलं होतं.

जाता जाता माझीच फजिती सांगते. मागच्या वर्षी माझ्या मुलीने एक कथा लिहिली, एका स्पर्धेसाठी, मला न विचारता, आणि मग छापून आल्यावर वाचायला दिली. त्यात एक आई आहे जी एडिटर आहे. ती मुलीच्या वाढदिवसाच्या पत्रातल्या शुद्धलेखनाच्या चुका लाल पेनाने दुरुस्त करते. मी वाचलं आणि पहिलं काय आलं तोंडातून, तर "लाल नव्हतं गं, पेन्सिल होती." ती म्हणाली, "मला लाल आठवतंय." चोवीस वर्षं लोकांना जे सांगतेय ते सगळं माहीत असूनही मी घरभर ते जुनं पत्र शोधलं, ट्रंक, कपाटाचा वरचा कप्पा, सगळं. सापडलं. निळं पेन होतं.